पाकिटावरचे वजन आणि पाकिटातले वजन : आवेष्टित खाद्यपदार्थांबाबत कायदा काय सांगतो

वाणी ग्राहकासमोर धान्य तोलून देतो, तेव्हा काट्यावर ग्राहकाची नजर असते. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पाकिटाच्या बाबतीत तशी सोय नसते. बिस्किटे, मीठ, चहा, डाळ, खाद्यतेल यांची भरणी ग्राहकाच्या अपरोक्ष झालेली असते आणि वेष्टनावर छापलेला आकडा हीच त्याला मिळालेली हमी असते. ही हमी खरी ठरावी, यासाठी देशात वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ करण्यात आले. हा कायदा, तपासणीची पद्धत, अलीकडील काही निवाडे आणि ग्राहकासाठी असलेले मार्ग यांची ही माहिती.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यापूर्वी शेर, मण, तोळा, पायली अशी मापे प्रचलित होती आणि एकाच नावाचे माप निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे असे. १९५६ च्या वजने व मापे मानके अधिनियमाने दशमान पद्धतीचा पाया घातला. पुढे बंद पाकिटांतून होणारी विक्री वाढू लागल्यावर केवळ दुकानातील वजने तपासून भागेनासे झाले. १९७६ मध्ये नवा मानके अधिनियम संमत झाला आणि त्याखाली १९७७ मध्ये आवेष्टित वस्तूंसाठी प्रथमच सविस्तर नियम लागू झाले. अंमलबजावणीसाठी १९८५ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. १९७६ आणि १९८५ या दोन्ही अधिनियमांची जागा २००९ च्या अधिनियमाने घेतली. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला.

या विषयाचे अधिकार केंद्र आणि राज्ये यांच्यात विभागलेले आहेत. वजनमापांची मानके ठरविणे हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीचा विषय आहे. मानके ठरविण्याखेरीज वजनमापांविषयीच्या इतर बाबी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आल्या. त्यामुळे नियम केंद्राचे ग्राहक व्यवहार खाते करते. कारखान्यात आणि दुकानात जाऊन तपासणी करणारा निरीक्षक मात्र बहुतांशी राज्याचा असतो. प्रत्येक राज्यात वैधमापनशास्त्र नियंत्रक हा या यंत्रणेचा प्रमुख असतो. महाराष्ट्रात हीच यंत्रणा जुन्या सवयीने वजनमापे खाते म्हणून ओळखली जाते. निरीक्षकांचे प्रशिक्षण रांची येथील भारतीय वैधमापनशास्त्र संस्थेत होते.

आवेष्टित वस्तू कशाला म्हणतात

ग्राहक उपस्थित नसताना, आधीच ठरलेल्या परिमाणात वेष्टनात भरलेली वस्तू म्हणजे पूर्वआवेष्टित वस्तू, अशी कायद्याची व्याख्या आहे. ग्राहकाची अनुपस्थिती हाच या व्याख्येचा गाभा आहे. दुकानदाराने ग्राहकासमोर अर्धा किलो फरसाण तोलून पिशवीत बांधून दिले, तर ती सुटी विक्री ठरते. तेच फरसाण सकाळीच पाकिटांत भरून फळीवर मांडले, तर त्याला आवेष्टित वस्तूंचे नियम लागू होतात.

अशा वेष्टनावर उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तूचे प्रचलित नाव, निव्वळ परिमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील देणे आवश्यक असते. निव्वळ परिमाण म्हणजे वेष्टन वगळून केवळ आतील वस्तूचे परिमाण. परिमाण सांगताना ‘सुमारे’, ‘अंदाजे’, ‘सरासरी’, ‘किमान’ असे मोघम शब्द वापरण्यास मनाई आहे. पाक किंवा मिठाचे पाणी यांसारख्या द्रवात ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर, अन्नसुरक्षा कायद्याखालील लेबलविषयक नियमांनुसार द्रव निथळल्यानंतरचे वजनही द्यावे लागते.

काही वस्तूंना २०११ च्या नियमांनी सूट दिली. दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतची लहान पाकिटे आणि उपाहारगृहाने स्वतः बांधून दिलेले तयार पदार्थ ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत.

त्रुटीची मर्यादा

भरणीचे कोणतेही यंत्र प्रत्येक पाकिटात ग्रॅमच्या अंशापर्यंत तंतोतंत माल भरू शकत नाही. एखादे पाकीट किंचित जड होते, एखादे किंचित हलके. ही वस्तुस्थिती मान्य करून नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कमाल अनुज्ञेय त्रुटीचा तक्ता देण्यात आला. तो वस्तूच्या प्रकारानुसार नव्हे, तर वेष्टनावर नमूद केलेल्या परिमाणानुसार आखलेला आहे. ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये त्याचे स्वरूप असे आहे :

५० पर्यंत : ९ टक्के
५० ते १०० : ४.५ ग्रॅम
१०० ते २०० : ४.५ टक्के
२०० ते ३०० : ९ ग्रॅम
३०० ते ५०० : ३ टक्के
५०० ते १,००० : १५ ग्रॅम
१,००० ते १०,००० : १.५ टक्के
१०,००० ते १५,००० : १५० ग्रॅम
१५,००० पेक्षा अधिक : १ टक्का

पाकीट जितके मोठे, तितके सवलतीचे प्रमाण कमी, असे हे सूत्र आहे. आंतरराष्ट्रीय वैधमापनशास्त्र संघटनेच्या शिफारशींतही त्रुटीचे हेच टप्पे आढळतात.

हा तक्ता वाचताना एक गैरसमज वारंवार होतो. ५०० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅम कमी भरण्याची कायद्याने मुभा दिली आहे, असा त्याचा अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. ही मर्यादा एकेका पाकिटातील आकस्मिक चढउतारापुरती आहे. संपूर्ण मालाच्या बाबतीत वेगळी आणि अधिक कडक कसोटी लावली जाते.

तपासणी कशी होते

उत्पादकाच्या किंवा आवेष्टकाच्या जागेवर तपासणी करताना निरीक्षक एका बॅचमधून ठरावीक संख्येने पाकिटे यादृच्छिक पद्धतीने निवडतो. रिकाम्या वेष्टनाचे वजन वजा करून प्रत्येकाचे निव्वळ वजन काढले जाते. त्यानंतर बॅचला तीन कसोट्यांतून जावे लागते.

पहिली कसोटी सरासरीची. तपासलेल्या सर्व पाकिटांच्या निव्वळ वजनाची सरासरी वेष्टनावरील आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. दुसरी कसोटी संख्येची. अनुज्ञेय त्रुटीपेक्षा अधिक तूट असलेल्या पाकिटांची संख्या नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. तिसरी कसोटी टोकाच्या तुटीची. अनुज्ञेय त्रुटीच्या दुपटीहून अधिक तूट एकाही पाकिटात असता कामा नये.

या तीन कसोट्यांमुळे सवलतीचा पद्धतशीर गैरफायदा घेण्याचा मार्ग बंद होतो. एखाद्या उत्पादकाने यंत्र मुद्दाम दोन ग्रॅम कमी भरण्यासाठी लावले, तर एकही पाकीट अनुज्ञेय त्रुटीबाहेर जाणार नाही. मात्र सरासरी नमूद वजनाखाली येईल आणि संपूर्ण बॅच सदोष ठरेल. काही पाकिटे हलकी भरणार असतील, तर काही जड भरलीच पाहिजेत, असा या नियमाचा साधा अर्थ आहे.

किरकोळ दुकानातील तपासणीचे स्वरूप यापेक्षा मर्यादित असते. तेथे एका बॅचची पुरेशी पाकिटे मिळतीलच असे नसते. तरीही अधिनियमाने निरीक्षकाला जागेत प्रवेश करण्याचा, झडती घेण्याचा आणि सदोष माल पुरावा म्हणून जप्त करण्याचा अधिकार दिलेला आहे. दुकानात आढळलेल्या तुटीचा माग काढत तपासणी उत्पादकापर्यंत नेता येते.

शिक्षेच्या तरतुदी

२००९ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये दोन स्वतंत्र अपराध सांगितले होते. वेष्टनावरील तपशील नियमांनुसार नसेल, तर असा माल तयार करणारा, बांधणारा, आयात करणारा, वितरित करणारा आणि विकणारा हे सर्व पहिल्या पोटकलमाच्या कक्षेत येत. त्यासाठी पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि दुसऱ्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. त्यानंतरच्या अपराधासाठी ५० हजार ते एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद होती.

निव्वळ परिमाणातील तुटीसाठी दुसरे पोटकलम होते. त्याचा रोख उत्पादक, आवेष्टक आणि आयातदार यांच्यावर होता. बंद पाकीट जसे आले तसे विकणाऱ्या किरकोळ दुकानदाराला आतील वजनाची कल्पना नसते, हे त्यातून दिसते. या अपराधासाठी पहिल्या वेळी किमान १० हजार आणि कमाल ५० हजार रुपये दंड ठरविण्यात आला. पुढील प्रत्येक वेळी एक लाख रुपयांपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा सांगण्यात आल्या.

प्रशमनाची, म्हणजे ठरावीक रक्कम भरून प्रकरण न्यायालयाबाहेर मिटविण्याची सोयही अधिनियमात करण्यात आली. त्यामुळे पहिल्यांदा आढळलेला अपराध न्यायालयापर्यंत न जाता मिटू शकतो. मात्र तसाच अपराध तीन वर्षांच्या आत पुन्हा घडल्यास ही सवलत मिळत नाही, अशी अट त्यात होती.

अलीकडच्या वर्षांत लहान आर्थिक अपराधांसाठी कारावासाऐवजी दंड किंवा ताकीद, असे धोरण केंद्राने स्वीकारले. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने वैधमापनशास्त्र अधिनियमातील काही कलमांमध्ये बदल केले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुसऱ्या जनविश्वास विधेयकात, अप्रमाणित वजनमापे वापरण्यासारख्या काही उल्लंघनांबाबत पहिल्या वेळी दंडाऐवजी सुधारणा नोटीस देण्याचा प्रस्ताव होता. ते विधेयक प्रवर समितीकडे सोपविण्यात आले. प्रत्यक्ष प्रकरणात घटनेच्या दिवशी लागू असलेली तरतूद पाहणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

दोन निवाडे

वैधमापनशास्त्र यंत्रणेची कारवाई ही राज्य आणि उत्पादक यांच्यातील बाब असते. तिच्यातून ग्राहकाला भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. अशा दोन प्रकरणांनी गेल्या काही वर्षांत देशभर लक्ष वेधून घेतले.

पहिले प्रकरण तमिळनाडूतील आहे. चेन्नईतील एका ग्राहकाने डिसेंबर २०२१ मध्ये आयटीसी कंपनीच्या सनफीस्ट मारी लाइट बिस्किटांचे पुडे खरेदी केले. वेष्टनावर १६ बिस्किटे असल्याचे छापले होते, प्रत्यक्षात १५ निघाली. बिस्किटे संख्येवर नव्हे तर वजनावर विकली जातात आणि वेष्टनावर ७६ ग्रॅम निव्वळ वजन नमूद आहे, असा बचाव कंपनीने तिरुवल्लूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे केला. तपासणीत १५ बिस्किटांच्या पुड्यांचे वजन ७४ ग्रॅम भरले. त्यावर, २०११ च्या नियमांनी साडेचार ग्रॅमपर्यंतची त्रुटी मान्य केलेली आहे, असे कंपनीने सांगितले. ही सवलत कालांतराने वजन घटणाऱ्या वस्तूंसाठी आहे, बिस्किटांना ती लागू होत नाही, असे म्हणून आयोगाने हा युक्तिवाद फेटाळला. २०२३ मधील या निर्णयात कंपनीला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आणि संबंधित बॅचच्या बिस्किटांची विक्री थांबविण्याचा आदेश देण्यात आला.

सवलत केवळ वजन घटणाऱ्या वस्तूंसाठी आहे, हे आयोगाचे मत तक्त्याच्या रचनेशी ताडून पाहण्यासारखे आहे. तक्ता परिमाणानुसार आखलेला असल्यामुळे एका पुड्यातील दोन ग्रॅमची तूट अनुज्ञेय त्रुटीच्या आत बसते. परंतु तपासलेले पुडे जर सारखेच दोन ग्रॅमने हलके असतील, तर प्रश्न आकस्मिक चढउताराचा राहत नाही, तो सरासरीचा होतो. सरासरीत सवलत नाही. एका पुड्यामागे दोन ग्रॅम ही तूट क्षुल्लक वाटते. एक लाख पुड्यांमागे मात्र ती २०० किलो, म्हणजे ७६ ग्रॅमचे सुमारे २,६०० पुडे इतकी होते. ग्राहकाचे नुकसान काही पैशांचे असते. उत्पादकाचा लाभ तसा नसतो.

दुसरे प्रकरण केरळमधील आहे. त्रिशूर येथील एका ग्राहकाने डिसेंबर २०१९ मध्ये एका बेकरीतून ब्रिटानिया कंपनीच्या आरारूट बिस्किटांचे दोन पुडे घेतले. प्रत्येकावर ३०० ग्रॅम वजन छापलेले होते. वजन केल्यावर एक सुमारे २६८ ग्रॅम आणि दुसरा २५० ग्रॅमहूनही कमी भरला. ग्राहकाने वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे धाव घेतली आणि तेथील अधिकाऱ्यांनी तुटीची खातरजमा केली. ३०० ग्रॅमसाठी अनुज्ञेय त्रुटी ९ ग्रॅम आणि तिची दुप्पट १८ ग्रॅम होते. दोन्ही पुड्यांतील तूट त्या दुपटीच्याही पलीकडे होती. त्रिशूर जिल्हा आयोगाने मे २०२४ मध्ये भरपाई आणि खर्च मिळून ६० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. आवेष्टित वस्तूंच्या वजनाची राज्यभर तपासणी करावी, असा निर्देशही त्याने केरळच्या वैधमापनशास्त्र नियंत्रकांना दिला.

दोन्ही प्रकरणांत तक्रारदाराच्या हाती काही रुपयांचे पुडे होते. ते पुरावा म्हणून जपले गेले आणि त्यांचे वजन तपासले गेले, म्हणूनच निर्णय शक्य झाला.

खाद्यतेलाचा प्रश्न

तेलाचे आकारमान तापमानाबरोबर वाढते, वजन मात्र तेवढेच राहते. म्हणून एक लिटर तेल किती ग्रॅमचे, हे ते कोणत्या तापमानाला मोजले यावर अवलंबून असते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरते. काही उत्पादक वेष्टनावर लिटरच्या आकड्यासोबत ६० अंशांसारखे चढे तापमान नमूद करीत असत. छापलेला मजकूर त्या अर्थाने खोटा नसे. तरीही ‘एक लिटर’ वाचून घेतलेल्या पिशवीत ग्राहकाला सुमारे २६ ग्रॅम तेल कमी मिळे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने खाद्यतेल उत्पादकांना निर्देश दिले. तापमानाचा उल्लेख काढून टाकावा, आकारमानासोबत वजनही छापावे आणि दोन्ही आकडे परस्परांशी जुळतील याची खात्री करावी, असे त्यात सांगण्यात आले. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत देण्यात आली. दोन पिशव्यांची तुलना करताना ग्राहकाने लिटरऐवजी ग्रॅमचा आकडा पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

वजन घटविणे आणि वजनात तूट

किंमत तीच ठेवून पाकिटातील माल कमी करण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते. १०० ग्रॅमच्या जागी ९० ग्रॅम भरले आणि वेष्टनावर ९० ग्रॅमच छापले, तर वजनाविषयी खोटी माहिती दिली असे म्हणता येत नाही. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल यांसारख्या अनेक वस्तू ठरवून दिलेल्या परिमाणांतच भराव्या लागत. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकण्यात आले.

त्याच दुरुस्तीने एकक विक्री किंमत छापण्याची नवी अट घातली. एक किलोपेक्षा कमी मालावर प्रतिग्रॅम आणि त्याहून अधिक मालावर प्रतिकिलो दर देणे, असे तिचे स्वरूप आहे. पाकिटाचा आकार तोच दिसत असला, तरी प्रतिग्रॅम दर वाढल्याचे त्यावरून ग्राहकाच्या लक्षात येऊ शकते.

ग्राहकाने काय करावे

वजनाविषयी शंका आल्यास पाकीट फोडू नये. फोडलेल्या पाकिटातील माल नंतर कमी झाला नाही, हे सिद्ध करणे कठीण जाते. खरेदीची पावती, वेष्टन आणि बॅच क्रमांक जपून ठेवावा. त्याच बॅचची आणखी एक-दोन बंद पाकिटे घेता आल्यास तक्रार अधिक भक्कम होते. २०११ च्या नियमांनी ठरावीक करकक्षेतील किरकोळ दुकानदारांवर, ग्राहकाला आवेष्टित मालाचे वजन पडताळता यावे म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा ठेवण्याची जबाबदारी टाकली होती. दुकानात असा काटा असल्यास बंद पाकिटाचे वजन तेथेच करून पाहता येते. वेष्टनासह केलेले वजनही नमूद निव्वळ वजनापेक्षा कमी भरले, तर तूट असल्याबद्दल शंका उरत नाही.

यानंतर जिल्ह्यातील वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी आणि निरीक्षकाकडून वजन करून घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. भरपाई हवी असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारांसाठी तक्रार शुल्क ठेवलेले नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.

याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये एक महत्त्वाचा अधिकार आयोगाला देण्यात आला. सहज ओळख पटविता येणार नाही अशा मोठ्या संख्येने ग्राहकांचे नुकसान झाले असल्यास, त्यांना विकलेल्या सदोष मालाच्या मूल्याच्या किमान २५ टक्के रक्कम भरण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. १९८६ च्या जुन्या अधिनियमात हे प्रमाण ५ टक्के होते.

वजनातील तुटीच्या प्रकरणांत या तरतुदीला विशेष अर्थ आहे. अशी तूट क्वचितच एका ग्राहकापुरती असते. त्याच यंत्रातून भरलेली पाकिटे हजारो घरांत गेलेली असतात आणि तेथे ती कोणी तोलून पाहिलेली नसतात. निरीक्षक प्रत्येक बॅच तपासू शकत नाही. म्हणूनच एका ग्राहकाने फोडण्याआधी काट्यावर ठेवलेले पाकीट हा, ज्यांना तूट कळलीच नाही त्या इतरांच्या वतीनेही पुरावा ठरतो.